अध्यक्षांचं दुसरं मत

माझा नवरा व्हर्नन लसकम हॅवरकोमचा, म्हणजे इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या आमच्या छोट्या गावाचा, नगराध्यक्ष झाला, तो काही कर्तबगारीवर नाही. आमच्याकडे ते पद पाळीने येतं. माणूस जुना नगरसेवक असावा आणि सभेत कधी झिंगून आला नसावा, एवढं पुरतं. मग कधी ना कधी अध्यक्षांची मानाची साखळी गळ्यात पडतेच. व्हर्ननची पाळी आली तेव्हा तो खाटकाचं दुकान विकून घरी बसला होता आणि दिवसभर माझ्या स्वयंपाकघरात लुडबुड करत होता. साखळी आली आणि मी सुटले.

पण त्याने ते काम फारच मनावर घेतलं. सभेचे नियम पाठ केले, आधीच्या अध्यक्षांना गाठून त्यांच्या वेळच्या गोष्टी विचारल्या. साखळी घातली की तो चालायचासुद्धा वेगळा. मी हसायचे, पण खरं सांगायचं तर मला तो तसा आवडायचा.

आमचा एकुलता एक मुलगा ग्लेन त्याच परिषदेत नगरसेवक. दोघेही ‘आपला देश’ पक्षाचे आणि ग्लेन त्यांचा गटनेता. हा पक्ष डेन्झिल क्रॉफ्ट नावाच्या पुढाऱ्याने काढला. क्रॉफ्ट साहेबांनी आम्हाला सांगितलं होतं की युरोपीय संघातून बाहेर पडलो की बंदर बोटींनी भरेल आणि गावातला दवाखाना पुन्हा उघडेल. आम्ही बाहेर पडलो. आमचे खेकडे खाणारे लोक समुद्रापलीकडे राहतात; आता एक पेटी तिकडे पाठवायची तर इतकी कागदपत्रं लागतात की निम्म्या लोकांनी बोटी विकल्या. दवाखान्याच्या जागी सदनिका झाल्या. मग साहेब म्हणाले, बाहेर पडलो, पण नीट पडलो नाही. पडण्याचंही काही शास्त्र असतं म्हणे!

व्हर्ननने तेव्हा बाहेर पडायच्या बाजूने मत दिलं होतं आणि मी विरुद्ध. दोन दिवस आम्ही भांडलो, मग विषय बंद केला तो कायमचा. एका घरात राहायचं तर काही दारं लावूनच घ्यावी लागतात.

यंदा वसंतात ग्लेनने ठराव आणला. गावाच्या वेशीवर एक पाटी आहे, ‘हॅवरकोम, प्लुमोरचं जुळं गाव’. प्लुमोर म्हणजे पलीकडे फ्रान्सच्या किनाऱ्यावरचं गाव, त्याच्याशी आमच्या गावाचा मैत्रीचा करार आहे. दर दोन वर्षांनी तिथली बसभर माणसं येतात, आमच्या घरांतून राहतात, खातात, गातात, आमच्या पावसाला नावं ठेवतात. मग आम्ही तिकडे जातो आणि त्यांच्या चहाला नावं ठेवतो. ठराव असा होता की हे नातं तोडावं, पाटी उतरवावी आणि तिथे देशाचा झेंडा लावावा.

“ठराव मंजूर झाला की क्रॉफ्ट साहेब शनिवारी स्वतः येणार,” ग्लेन आमच्या स्वयंपाकघरात उभा राहून सांगत होता. “त्यांच्या देखत मी पाटी उतरवणार. कॅमेरे असतील. आई, त्यानंतर खासदारकीचं तिकीट दुसऱ्या कुणाला मिळूच शकत नाही.”

“आणि यान?” मी विचारलं. यान प्लुमोरचा खाटीक. तो दर खेपेला आमच्याकडे उतरतो. त्याला इंग्रजी येत नाही, व्हर्ननला फ्रेंच येत नाही, आणि दोघे रात्र रात्र सॉसेजच्या मसाल्यावर गप्पा मारतात.

“यानचा इथे काय संबंध?” व्हर्नन म्हणाला. “यान फ्रेंच थोडाच आहे? यान खाटीक आहे.”

“बाबा, तुमचं मत धरलंय हं मी.”

“धर की. पक्ष सांगतो म्हणून नाही, मला पटतंय म्हणून देतोय. आपलं गाव आपलं असावं.”

त्याने ते इतक्या सरळपणे म्हटलं की मी भांडी घासायला वळले.

सभेला मी प्रेक्षकांच्या बाकावर होते. ग्लेनने हिशेब पक्का केला होता, पण ऐन वेळी त्याच्या पक्षाचे क्लाइव्ह टकर आले नाहीत. युरोपाच्या नावाने सगळ्यांत जास्त बोटं मोडणारे हे टकर स्पेनमधल्या स्वतःच्या घरी ऊन खात होते आणि त्यांचं परतीचं विमान रद्द झालं होतं. मला हसू फुटलं. व्हर्ननने व्यासपीठावरून माझ्याकडे असं पाहिलं की मी रुमाल तोंडाला लावला.

हात वर झाले. व्हर्ननचाही हात ठरावाच्या बाजूने वर गेला. सचिवबाईंनी दोनदा मोजले आणि म्हणाल्या, “अध्यक्ष महोदय, मतं समसमान आहेत. निर्णायक मत आपलं.”

ग्लेन मजेत होता. त्याने फोन वर धरून चित्रण सुरू केलं होतं. बाप अध्यक्ष, बाप पक्षाचा, बापाने आत्ताच बाजूने हात वर केलेला. आता काळजी कसली? पण आमच्या परिषदेत एक रीत आहे. मतं समान पडली की अध्यक्षाला आणखी एक, दुसरं मत मिळतं, पण ते त्याने आपल्या मनातलं द्यायचं नाही. जे चालू आहे ते जैसे थे राहील, असं मत द्यायचं. बदल हवा असेल तर तो बहुमताने करावा, खुर्चीवर बसलेल्या एकट्या माणसाने करू नये, असा त्यामागचा विचार. हे कुठे लिहिलेलं नाही. आजवरचे सगळे अध्यक्ष तसंच वागत आले, एवढंच. ग्लेन कुठल्याही सभेला आपलं भाषण आणि फोटो आटोपला की निघून जायचा. त्याला हे कुठून माहीत असणार!

व्हर्नन उभा राहिला. “नगरसेवक लसकम म्हणून मी ठरावाच्या बाजूने मत दिलं आणि तेच माझं खरं मत आहे,” तो म्हणाला. “अध्यक्ष म्हणून माझं मत विरोधात. ठराव नामंजूर. पुढचा विषय, बाजारातली सार्वजनिक स्वच्छतागृहं.”

“बाबा!” ग्लेन ओरडला.

“नगरसेवकांनी खाली बसावं.”

“बाबा, अहो, डोकं फिरलंय का तुमचं?”

“नगरसेवकांनी खाली बसावं, किंवा बाहेर जावं.”

ग्लेन बाहेर गेला. व्हर्ननने स्वच्छतागृहांचा विषय शेवटपर्यंत चालवला. त्याचा आवाज अजिबात हलला नाही.

त्या रात्री तो झोपला नाही. “एकदा फेटाळलेला ठराव सहा महिने पुन्हा आणता येत नाही,” तो अंधारात म्हणाला. “पोराचं तिकीट गेलं, रोझलिन. माझ्यामुळे गेलं.”

“मग तसं मत का दिलंस?”

“दुसरं कसं देणार?”

सकाळी त्याने क्रॉफ्ट साहेबांच्या कार्यालयात फोन लावला. ग्लेनची काही चूक नाही, ही गावाची रीत आहे, एवढंच त्याला सांगायचं होतं. फोनवर वाट पाहायला सांगणारं गाणं वाजत राहिलं. तो कोट घालून, टाय लावून खुर्चीत बसून ते गाणं ऐकत होता. शेवटी मीच फोन काढून घेतला.

तिकीट गेलं नाही. शुक्रवारी ग्लेनचं चित्रण सगळ्यांच्या फोनवर आलं. वेशीवरच्या पाटीखाली उभा राहून तो म्हणत होता, “या गावाचा गद्दारांनी घात केला. गद्दार माझ्या रक्ताचा असला तरी मी त्याला गद्दारच म्हणणार!” दुसऱ्या दिवशी क्रॉफ्ट साहेब आले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि हाच आमचा उमेदवार, असं जाहीर केलं.

व्हर्ननला ते न्हाव्याच्या दुकानात कुणीतरी दाखवलं. तो अर्धे केस कापलेले असतानाच उठून घरी आला. वाटेत टॉम हॅनाफर्ड या जुन्या गिऱ्हाइकाने त्याला टाळायला रस्ता ओलांडला. टॉमच्या घरी नाताळचा टर्की वर्षानुवर्षं व्हर्ननने स्वतः निवडून दिला होता. मी शिव्या घातल्या, टॉमला आणि ग्लेनला, अगदी मनापासून. व्हर्नन म्हणाला, “पोराने मनापासून मानलंय ते. मानलंय म्हणून बोलला. त्याबद्दल मी त्याला दोष कसा देऊ?”

रविवारी ग्लेन नेहमीसारखा जेवायला आला. मला वाटलं होतं येणार नाही. आला, कोट खुंटीला लावला, माझ्या गालाचा मुका घेतला. व्हर्नन कोकराची भाजलेली तंगडी कापत होता. पहिला तुकडा त्याने ग्लेनच्या ताटात ठेवला.

“आई, बटाटे काय खरपूस झालेत!”

“गद्दाराच्या घरचे आहेत,” मी म्हटलं. “चालतात ना?”

“अगं ते राजकारण होतं! कॅमेऱ्यासमोर तसंच बोलावं लागतं. वाक्यंसुद्धा साहेबांच्या ऑफिसने पाठवली होती. बाबा, तुम्ही मनावर नाही ना घेतलं?”

“नाही,” व्हर्नन म्हणाला. “मी काय म्हणतो, ठराव सहा महिन्यांनी परत आण. तोवर माझी पाळी संपलेली असेल. टकरांना इथे बसव, मी बाजूने मत देतो, मंजूर होईल.”

ग्लेन हसला. “परत कशाला आणायचा? तिकीट मिळालं की. राहू दे ती पाटी, कुणाचं काय जातंय? साहेब तर म्हणाले, पाटी उतरली नाही तेच बरं झालं. उतरली असती तर एका दिवसाची बातमी. गद्दारी झाली म्हणून आठवडाभर चालली.”

“पण आपलं गाव आपलं असावं, ते?”

“बाबा, ते भाषण आहे.” ग्लेनने पुदिन्याची चटणी ओढून घेतली. “साहेबांना विचारा, ते उन्हाळाभर फ्रान्समध्ये असतात.”

व्हर्ननने सुरी खाली ठेवली. “मी खरंच मानत होतो, ग्लेन.”

“काय मानत होता?”

“सगळंच.”

ग्लेन फोनमध्ये काहीतरी पाहून हसत होता. त्याने ऐकलं की नाही कोण जाणे. व्हर्नन आपल्या ताटाकडे बघत राहिला, अर्ध्या कापलेल्या केसांनी, आणि मला तो एकदम म्हातारा दिसला. आम्ही युरोपावरून भांडलो त्या दिवसापासून मी त्याच्या तोंडून हे ऐकायची वाट पाहत होते. त्याने चूक कबूल करावी, मग मी काय काय सुनावणार, याची मी भांडी घासताना कितीदा तरी तालीम केली होती. आता ते ऐकलं आणि त्याचे ते शब्द त्याला परत देता आले असते तर मी देऊन टाकले असते.

मी उठले आणि ग्लेनसमोरचं ताट उचललं.

“आई, माझं झालं नाही अजून.”

“झालं,” मी म्हटलं, आणि त्याचा कोट आणायला गेले.