तेजल, पहिलं अक्षर मोठं

मी एक जुना पासवर्ड आहे. हसू नका, मित्रांनो. छत्रीने, सायकलीने, फाटक्या पुस्तकाने आपापल्या कहाण्या तुम्हाला सांगितल्या आणि तुम्ही त्या परीक्षेत लिहून गुणही मिळवले. मग माझी एकदा ऐकायला काय हरकत आहे? मी दिसत नाही असे म्हणाल तर तेही खोटे आहे. पिंपळगाव बसवंतच्या एका द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये कॉम्प्युटरचे टेबल आहे. त्याच्या प्लायवूडवर काळ्या स्केचपेनने मला लिहिलेले आहे, आणि मी अजून तिथेच आहे.

माझा स्वभावही आधीच सांगून टाकतो. मी जळकुकडा आहे. दुसऱ्याचे कौतुक झाले की माझ्या पोटात दुखते. पुढे तुम्हाला ते कळणारच आहे, म्हणून लपवत नाही.

माझा जन्म २०११ सालचा. त्या वर्षी पॅकहाऊसमध्ये पहिला कॉम्प्युटर आला. तोवर लताबाई निकम सगळ्या नोंदी जाड रजिस्टरमध्ये ठेवत असत. कोणत्या बागेचा माल, किती पेट्या, कोणत्या कोल्ड रूममध्ये, किती तापमानाला. कॉम्प्युटरने त्यांना पासवर्ड मागितला तेव्हा त्या बराच वेळ विचार करत बसल्या. आपण जन्मात विसरणार नाही असे काय आहे? समोर रिकाम्या क्रेटवर त्यांची तिसरीतली मुलगी पाय हलवत द्राक्षे खात बसली होती. लताबाईंनी एका बोटाने एकेक अक्षर शोधून मला घडवले. इंग्रजी टी मोठा, बाकीची अक्षरे लहान, मग ॲटची खूण आणि शेवटी मुलीच्या जन्माचे साल, २००३. असा मी तेजल झालो.

पहिला हंगाम फक्त आम्हा दोघांचा होता. दुसऱ्या हंगामात लताबाईंना ताप आला आणि त्या चार दिवस घरी राहिल्या. तेव्हा फोन आला, "लताबाई, ह्ये कॉम्प्युटर उघडायचं कसं?"

"तेजल टाका," त्या पांघरुणातून म्हणाल्या. "तेजल, पहिलं अक्षर मोठं."

त्या दिवसापासून मी सगळ्यांचा झालो. काटा करणारा असो, पेट्या मोजणारा असो, जो तो लताबाईंच्या नावाने आत शिरू लागला आणि दार उघडायला कीबोर्डवर मला मारू लागला. पॅकहाऊसची बोलीच तशी झाली. "तेजल मारली का?" "आरं, तेजल मारून बघ." पेट्यांना लेबल चिकटवणाऱ्या भागीबाईंना इंग्रजी वाचता येत नव्हते, पण त्या बोटांच्या सवयीने मला बरोबर मारत. विसरायला नको म्हणून कुणीतरी मला प्लायवूडवर लिहून टाकले. लताबाई रागावल्या, पण पुसले त्यांनीही नाही. मी फुगून गेलो होतो. एवढ्या मोठ्या पॅकहाऊसचे एकही पान माझ्यावाचून हलत नव्हते.

दाराशी अंगठ्याने हजेरी घेणारे यंत्र लागले तेव्हा मी पहिल्यांदा जळलो. सगळे सकाळी आधी त्याच्याकडे जायचे. पण ते नुसते आले-गेले विचारत होते, त्याला द्राक्षांतले काही कळत नव्हते, म्हणून मी स्वतःची समजूत घातली.

दोन वर्षांपूर्वी राकेश आला. नाशिकला राहून आसपासच्या पॅकहाऊसची कॉम्प्युटरची कामे पाहणारा हा मनुष्य मनाने चांगला, पण सदा घाईत. आमच्याकडे तेव्हा दोन सॉफ्टवेअर झाली होती. एक कोल्ड रूमचे तापमान नोंदवणारे आणि दुसरे परदेशी खरेदीदाराला प्रत्येक लॉटचे कागद पाठवणारे. लताबाई पहिल्यातले आकडे वाचून दुसऱ्यात भरत असत आणि त्यांची मान दुखत असे. राकेश म्हणाला, "ताई, ही दोघं आपसातच बोलतील. मी जोडून देतो."

जोडताना दुसऱ्या सॉफ्टवेअरने विचारले, तू कोण? राकेशने लताबाईंचे नाव दिले आणि मला मारले. "तुमच्या नावाला सगळीकडं जाता येतं ना, मग येगळं खातं कशाला काढायचं? दहा मिनिटांचं काम हाय," तो म्हणाला. काम खरेच दहा मिनिटांत झाले. लताबाईंनी त्याला चहा पाजला.

मी तर हवेतच होतो. आता माणसेच काय, यंत्रही मला बोलावू लागले. दर पंधरा मिनिटांनी, दिवसातून शहाण्णव वेळा! जोडणी माझ्या जोरावर आत जायची, तापमानाचा आकडा लिहायची, आणि प्रत्येक आकड्यापुढे नोंद पडायची, 'बदल करणार : लता निकम'. त्या शेवटच्या शब्दांकडे माझे लक्षही गेले नाही. मित्रांनो, फुगलेल्याला आपल्याखेरीज दुसरे कोण दिसते?

यंदाच्या फेब्रुवारीत एका शनिवारी तापमानाच्या सॉफ्टवेअरमध्ये खोल्यांची यादी नव्याने लावली गेली. दोन नंबर आणि तीन नंबर यांच्या जागा बदलल्या. जोडणीला हे कुणी सांगितले नाही. ती जुन्याच क्रमाने वाचत राहिली. दोन नंबरमध्ये द्राक्षे अर्ध्या अंशावर गारेगार होती. तीन नंबर धुवायला काढलेली, दार सताड उघडे, आत बारा अंश. रविवारभर जोडणी तिसरीचा आकडा दुसरीतल्या मालावर लिहीत राहिली. दर वेळी मीच तिला आत सोडले.

सोमवारी कंटेनर भरून आवारात उभा राहिला आणि खरेदीदाराचा निरोप आला. कोल्ड रूमच्या सॉफ्टवेअरमध्ये अर्धा अंश आणि कागदांवर बारा अंश, हे कसे? रविवारी नोंदी कुणी बदलल्या, का बदलल्या, ते लेखी कळवा. तोवर माल हलणार नाही. आणि ज्याने बदलल्या त्या माणसाच्या हाती यापुढे नोंदी नकोत.

पॅकहाऊसचे मालक कारभारीअप्पा यांनी चष्मा लावून स्क्रीन पाहिली. ओळीने एकच नाव होते.

"लताबाई, ह्ये काय हो?"

"अप्पा, रविवारी मी इथं नव्हतेच. मालेगावला भाचीच्या साखरपुड्यात होते."

"मग नाव तुमचं कसं? दुसऱ्या कुणी केलं म्हणता?"

लताबाईंनी सगळ्यांकडे पाहिले. "तेजल तर इथं सगळ्यांनाच ठाऊक हाय, अप्पा."

सगळ्यांनी माना खाली घातल्या. "म्या नाय मारली," एक म्हणाला. "म्या तर कवाच नाय मारली," दुसरा म्हणाला. भागीबाईंनीसुद्धा हात पदराखाली घेतले. इतकी वर्षे ज्यांनी मला मारले, त्यांतला एकही मला ओळख दाखवीना. मला फार लागले ते.

अप्पा वाईट माणूस नाहीत. पण कंटेनर आवारात घरघरत उभा होता आणि चाळीस शेतकऱ्यांचा माल त्यात होता. ते हळू आवाजात म्हणाले, "चुकून झालं आसं लिहून द्या. इषय मिटंल. तुमाला दुसरं काम देतो ना मी, पॅकिंगला."

लताबाईंनी बाहेर जाऊन मुलीला फोन केला. परत आल्या, माझ्याशेजारी कागद ठेवला आणि लिहायला बसल्या. 'मी लता निकम लिहून देते की' एवढे लिहून त्यांचे पेन थांबले, ते तासभर पुढे सरकले नाही. त्यांच्या डोळ्यांतले पाणी प्लायवूडवर पडले, माझ्या मोठ्या टीपासून वीतभर अंतरावर.

मित्रांनो, आता मला जे सांगायचे आहे त्याची मला लाज वाटते. खरे काय ते मला माहीत होते. मला बोलता येत नाही ही गोष्ट वेगळी. पण त्या क्षणी माझ्या मनात आले, करावी हिने सही. सही झाली की चौकशी थांबेल, जोडणी तशीच राहील आणि मीही तसाच राहीन. जिने मला जन्म दिला तिचे नाव जाईल, हे मला दिसत होते. तरी मला तसेच वाटले.

सही व्हायच्या आत दारात स्कूटर थांबली. नाशिकला एका सॉफ्टवेअरच्या ऑफिसात कामाला असलेली एक मुलगी हेल्मेट काढत आत आली. त्याच वेळी काट्यावरून कुणीतरी ओरडले, "तेजल चालत नाय का? परत मारून बघ!"

"मला कशाला मारता, दादा?" ती म्हणाली.

क्रेटवर पाय हलवत बसणारी ती हीच. माझे नाव, पण हात-पाय असलेले. मी तिला पाहताक्षणी जळलो. इतकी वर्षे मला वाटत होते, या पॅकहाऊसमध्ये तेजल म्हणजे मी.

तिने आईच्या हातातला कागद काढून घेतला, उलटा ठेवला आणि रविवारच्या नोंदी उघडल्या. बराच वेळ वाचून विचारले, "आई, साखरपुड्यात पंगतीला कधी बसलीस?"

"दीड वाजला आसंल. का गं?"

"अप्पा, हे बघा. दीडला आई मालेगावात पंगतीत, आणि दीडला इथे नोंद. पावणेदोनला परत. दोनला परत. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकसुद्धा पंधरा मिनिटं चुकलेली नाहीत, सेकंदसुद्धा तेच. माणूस चहा पितो, फोन घेतो, कंटाळतो. हे माणसाचं काम नाही."

राकेशला अप्पांनी सकाळीच बोलावून घेतले होते. तो कोपऱ्यात उभा होता. तो टेबलापाशी आला. "ती जोडणी हाय, अप्पा," तो म्हणाला. "मीच लावली व्हती. ताईंच्या नावानं."

पुढचे भराभर झाले. कोल्ड रूमच्या नोंदी ताडून पाहिल्या, खोल्यांची अदलाबदल सापडली, खुलासा लिहिला गेला. तो राकेशने लिहिला आणि सहीही त्याचीच होती. संध्याकाळी खरेदीदाराचा होकार आला आणि कंटेनर महामार्गाला लागला. लताबाईंचा अर्धा कागद तेजलने फाडून टोपलीत टाकला. सगळे आनंदात होते. मी मात्र वाट पाहत होतो, कारण आता माझी पाळी होती.

दुसऱ्या दिवशी तेजल आणि राकेश शेजारी शेजारी बसले. "जोडणीला तिचं स्वतःचं नाव देऊ," ती म्हणाली. "सर्व्हिस अकाउंट. हे माणसाचं खातं नाही, कामाचं खातं."

"सर्व्हिस म्हंजे नोकरी?" अप्पांनी विचारले. "मग ह्याला पगार किती?"

"पगार नाही, रजा नाही."

"आन् डबा?" भागीबाई म्हणाल्या, आणि सगळे खदखदून हसले. काल याच खोलीत कुणी वर पाहत नव्हते.

त्याचे नाव ठेवले 'तापमान सेवक'. कसले आले आहे सेवक! मी त्याचे अधिकार कान देऊन ऐकले. एका सॉफ्टवेअरमधले तापमान फक्त वाचायचे. दुसऱ्यात एका रकान्यात फक्त लिहायचे. बाकी काहीही उघडायचे नाही, काहीही पुसायचे नाही. मी मनात म्हटले, हा तर घरजावयापेक्षाही गरीब. मी सगळे पॅकहाऊस उघडत होतो! त्याची किल्ली, म्हणजे त्याचा पासवर्ड, लांबलचक, कुणाच्या तोंडात न बसणारी. तिला भागीबाई काय हाक मारणार? ती कुठे लिहायची नाही, कुणाला सांगायची नाही, कुलूपबंद जागी ठेवायची, आणि नव्वद दिवसांनी बदलायची. माझी पंधरा वर्षे आणि हिचे नव्वद दिवस. तरी सगळे तिचेच कौतुक करत होते, आणि माझा जळून कोळसा होत होता.

मग एक रकाना आला. या खात्याची जबाबदारी कुणाची? लताबाईंनी खुर्ची मागे सरकवली.

"माझं टाक," राकेश म्हणाला. "खातं मी वापरतो, तर जाबही मीच देईन."

पंधरा मिनिटांनी पहिला आकडा पडला. अर्धा अंश. पुढे नोंद होती, 'बदल करणार : तापमान सेवक'. लताबाईंनी ती दोनदा वाचली आणि मोकळा श्वास सोडला. तेव्हा कुठे मला कळले, मित्रांनो. मी जेव्हा जेव्हा आत शिरलो तेव्हा तेव्हा त्यांचे नाव माझ्याबरोबर फरफटत गेले होते. मी दार उघडू शकत होतो, पण उघडले कोणी हे सांगू शकत नव्हतो. त्या गरीब सेवकाला तेवढे एक येत होते.

नंतर प्रत्येकाला आपापले खाते मिळाले. भागीबाईंनाही मिळाले. शेवटी लताबाई नवा पासवर्ड घालायला बसल्या आणि सवयीने मुलीला म्हणाल्या, "काय ठेवू गं?"

"मला सांगू नकोस, आई," तेजल म्हणाली. ती उठली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तिच्यामागोमाग राकेश वळला. अप्पाही वळले. सगळे पॅकहाऊस पाठमोरे उभे राहिले आणि लताबाई एकेक अक्षर दाबत गेल्या.

"म्हंजे तेजल आता चालत नाय?" भागीबाईंनी भिंतीकडे बघतच विचारले.

"चालते की, मावशी. आता घरी चालली आईला घेऊन," ती हसून म्हणाली. मायलेकी स्कूटरवरून गेल्या.

आता मी काहीच उघडत नाही. भागीबाई रोज ओल्या फडक्याने टेबल पुसतात, त्यात माझा मोठा टी फिकट झाला आहे. काल सकाळी लताबाई आल्या आणि बोटांच्या सवयीने त्यांनी मलाच मारले. लाल अक्षरे आली, पासवर्ड चुकीचा आहे. त्या स्वतःशीच हसल्या. मला वाटले, आठवण तरी आली. मग त्यांनी डाव्या हाताचा आडोसा केला आणि नवा पासवर्ड घातला. खोलीत दुसरे कुणी नव्हते. टेबलावर एकटा मीच होतो.

मित्रांनो, तुम्हीही असाच आडोसा करत जा. समोर कितीही जवळचा असला तरी करा. मी पंधरा वर्षे जवळचा होतो.