सतराच्या जागी बेचाळीस

डोरीनने चिठ्ठी पालथी करून मांडीवर ठेवली आणि वर हात दाबून धरला. शेजारी चाकांच्या खुर्चीत तिची थोरली बहीण व्हर्ना डाव्या हाताने डोनट कॉफीत बुडवत होती.

"दिलास ना कागद?" व्हर्नाने विचारलं.

"दिला गं. दर गुरुवारी देते तसाच."

 आज तिने तसाच दिला नव्हता.

स्पार्क्स गावातल्या त्या जुन्या कॅसिनोत दोघी अकरा वर्षं दर गुरुवारी दुपारी केनो खेळायला येत. ऐंशी आकड्यांच्या कागदावर आपल्या सहा आकड्यांना काळ्या मेणखडूने खुणा करायच्या, काउंटरवर देऊन चिठ्ठी घ्यायची आणि आकडे लिहिलेले वीस गोळे बाहेर पडून फळ्यावर ते आकडे पेटेपर्यंत बघत बसायचं; जितके आपले आकडे पेटतील तितके पैसे जास्त. व्हर्नाचे सहाही आकडे घरच्यांच्या वाढदिवसांचे. सतरा कर्टिसचा. हा तिचा एकुलता एक मुलगा खाणीतल्या अपघातात गेला, त्याला नऊ वर्षं झाली. गेल्या वर्षी व्हर्नाला पक्षाघाताचा झटका आला, उजवा हात लुळा पडला, तेव्हापासून खुणा डोरीन करायची.

आणि डोरीनला अलीकडे अक्कल पाजळायची हुक्की आली होती. किराणा दुकानातून तिने केनोच्या डावपेचांचं एक पातळसं पुस्तक आणलं होतं. तापलेले आकडे धरा, थंड पडलेले सोडा, असं त्यात छातीठोकपणे लिहिलेलं. तिने दोन महिने फळा टिपून ठेवला. सतरा थंडगार, बेचाळीस मात्र सारखा उड्या मारत होता.

काउंटरवरचा लाईल तिची वही बघून हसला होता. "डोरीन, गोळे पुस्तकं वाचत नाहीत गं. बावीस वर्षं इथे बसून मला काही कळलं नाही, आणि तुला दोन महिन्यांत कळलं?"

"तू गप चिठ्ठी छाप," असं त्याला झापून तिने सतरा कोरा सोडला आणि बेचाळीसवर खूण केली. एकदाच, व्हर्नाला कळणारही नाही. पण खुर्चीपर्यंत परत येताना तिला वाटलं, आपण कर्टिसला घराबाहेर काढून दार लावून घेतलं.

गोळे पडू लागले.

"आठ! डोरीन, तू आलीस!" व्हर्ना ओरडली. मग बावीस, तीन, एकोणतीस. चौदा पेटला तेव्हा तिच्या हातातली कॉफी हिंदकळली. एकोणिसावा गोळा बेचाळीसचा निघाला आणि डोरीनला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. पुस्तक खरं ठरलं, एवढंच त्या क्षणी तिच्या मनात आलं. त्या आनंदाची तिला पुढे कायम लाज वाटत राहिली. विसावा गोळा एकाहत्तरचा होता.

"पाच आले गं!" व्हर्ना हसत सुटली. "फक्त आमचा कर्टिस राहिला. कार्टं कधी वेळेवर जेवायला आलंय? जा, पाचाचे तर पाचाचे, घेऊन ये."

पुढचा खेळ सुरू व्हायच्या आत पैसे घेतले नाहीत तर चिठ्ठी रद्दी, असा तिथला नियम. तेवढ्यात लाईल माईकवर गरजला, "सहापैकी सहा! कोणाची चिठ्ठी आहे? या लवकर!"

"कोण गं तो नशीबवान?" व्हर्ना मान वळवून बघू लागली.

डोरीन उठली. सहाच्या पैशांत व्हर्नाच्या दाराशी खुर्चीसाठी उतार बांधून झाला असता. सध्या शेजारचे दोघे तिला खुर्चीसकट पायऱ्यांवरून उचलून नेत. पाचाचे पैसे तिच्या हातावर ठेवायचे, बाकीच्यांत गुपचूप उतार बांधून घ्यायचा, कुठून आले म्हणून विचारलं तर काहीतरी थाप मारायची. असली चोरी आपल्याला इतकी पटकन सुचावी, याची तिला शिसारी आली. तिने चिठ्ठी बहिणीच्या मांडीवर ठेवली.

"आपलीच आहे. मी सतरा काढून टाकला, व्हर्ना."

व्हर्नाने चिठ्ठी वाचली. मग पुन्हा वाचली.

"शेवटचं विचारतोय!" लाईल ओरडला.

"दे इकडे, मी पैसे आणते. तुझा उतार होईल. मग मला हव्या तेवढ्या शिव्या घाल."

व्हर्नाने चिठ्ठी डाव्या मुठीत आवळली. "त्याला वगळून?"

"अगं, गोळ्यांना काय कळतंय? सतरा काय नि बेचाळीस काय, सगळे सारखेच!"

"सारखेच ना? मग काढलास कशाला?"

 घंटा वाजली, फळा कोरा झाला, नवे गोळे पडू लागले आणि चिठ्ठी रद्दी झाली.

"चुकलं माझं," ती पुटपुटली.

"कोरा कागद आण. खडू पण."

डोरीन धावत गेली, घेऊन आली आणि सवयीने खडू धरून बसली. "सांग, मी करते खुणा."

"नको. दे."

व्हर्नाने खडू डाव्या मुठीत पकडला. पहिलीच खूण सतरा आणि अठरा दोन्हींवर फरफटत गेली. कागद सरकू नये म्हणून डोरीनने हात पुढे केला. व्हर्नाने कागद कोपराने आपल्याकडे ओढून घेतला आणि काउंटरच्या दिशेने हाक मारली, "लाईल, माझा कागद तू येऊन नेशील का रे?"