नॉर्मलची कुपी

"ही पट्टीपण बिघडलेली!" मॅडमनी आठवी पट्टी कचऱ्यात टाकली. "नॉर्मल, द्या पुन्हा बोट."

नॉर्मलनं बोट दिलं. त्याचं खरं नाव हजेरीपटाखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. प्रयोगशाळेत काचसामान धुणारा हा माणूस. चार वर्षांपूर्वी त्याचं रक्त निरोगी ठरलं आणि फ्रिजमधल्या कुप्यांवर 'नॉर्मल' अशी चिठ्ठी लागली. पुढे ती त्यालाच चिकटली. घरी भांडण झालं की तो म्हणे, "मी नॉर्मल आहे, लेखी पुरावा आहे."

"मग रोज एवढं पाणी कोण ढोसतं?" बायको विचारी.

मॅडमनी चार वर्षं खपून बनवलेली साखर मोजायची पट्टी नखाएवढी, तिच्यावर डोळ्यांना न दिसणारे सोन्याचे कण. साखर चिकटलेलं प्रथिन रक्तात वाढलं की पट्टीतला प्रवाह बदलतो. आज उपाशी राहून साखर लपवता येते. गेले तीन आठवडे लपवता येत नाहीत. नॉर्मलच्या रक्तावरून सगळ्या रुग्णांना मोजलं गेलं, नॉर्मलला पुन्हा मोजायचं मात्र कुणाला सुचलं नाही. त्याच्या रक्ताचा जुना गोठवलेला साठा काल संपला, म्हणून आज ताजं रक्त घेतलं, आणि आकडा थेट रुग्णांच्या पंगतीत जाऊन बसला.

"मॅडम, पट्टी बरोबर असली तर?"

"भलतंच काय! तुम्ही नॉर्मल आहात."

पट्टी खोटी निघाली तर मॅडमची चार वर्षं पाण्यात. खरी निघाली तर तो. त्याच्या वडिलांचा साखरेपायी आधी अंगठा गेला होता, मग पाय, मग वडील.

मॅडमनी त्याचं रक्त शेजारच्या रुग्णालयात तपासायला पाठवलं. दुपारी कागद आला. मॅडमनी तो दोनदा वाचला.

"पट्टी बरोबर आहे," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

"अभिनंदन, मॅडम."

मॅडमनी कागदाची घडी घातली. मग त्यांनी स्वतःचंच बोट पुढे केलं.

"दुखणार नाही," तो मॅडमच्याच सुरात म्हणाला. त्यानं रक्त घेतलं, कुपी बंद केली, वळणदार अक्षरात 'नॉर्मल' लिहून चिठ्ठी चिकटवली. मग फ्रिज उघडून ती वरच्या कप्प्यात ठेवली. खालच्या कप्प्यात रुग्णांच्या कुप्या दाटीनं उभ्या होत्या. त्यानं त्या अलगद जराशा सरकवल्या आणि कडेला आपल्या रक्ताची कुपी ठेवली.

तिच्यावर काय लिहावं, हे त्याला बराच वेळ सुचेना. मग त्यानं हजेरीपटावरचं नाव लिहिलं.