उतारावर मी गप्प होते

मित्रांनो, मी एक जुनी घरगाडी आहे आणि मला उताराची भीती वाटते. चाकं असलेल्या गाडीने असं बोलू नये, हे मला कळतं. पण जे आहे ते आहे.

माझा जन्म पावाची गाडी म्हणून झाला. सकाळी गरम पाव पोटात घेऊन मी सपाट रस्त्यांवरून दुकानं करत हिंडायचे. पुढे बेकरी बंद पडली आणि मी एका गोदामामागे गवतात उभी राहिले. टायरांतली हवा गेली, दाराच्या फटीत गांधीलमाश्यांनी घर केलं. तिथून मला एका सुताराने उचललं. अख्खा हिवाळा तो माझ्या पोटात ठोकाठोक करत होता. त्याने उघडले की पलंग होणारे दोन बाक केले, एक शेगडी बसवली, भांडी पडू नयेत म्हणून कपाटाला आडव्या पट्ट्या मारल्या आणि फरशीखाली पाण्याची मोठी टाकी बसवली. त्याची बायको शिवणकाम करायची. पडदे तिने शिवले. मग दर सुट्टीत दोघं मला घेऊन डोंगरांत जायची. लोक थांबून बघायचे, आत डोकावायचे, ‘काय हात आहे सुताराचा!’ म्हणायचे. ते दिवस मला अजून आठवतात.

सुतार गेला तेव्हा माझ्यावर ताडपत्री पडली. दोन वर्षं मी काहीच पाहिलं नाही. मग एके दिवशी ताडपत्री सर्रकन ओढली गेली. समोर सुताराची बहीण उभी होती. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेली ही बाई निवृत्त झाल्यावर गाडी चालवायला शिकली होती.

“वहिनी, दादाची गाडी अशी गंजू द्यायची नाही,” ती म्हणाली.

“तुम्ही चालवणार, वन्सं? मग मी आधी सगळ्यांना निरोपाची पत्रं लिहून ठेवते.”

“टोमणे मारा. बसणार मात्र माझ्याच शेजारी!”

त्या उन्हाळ्यात डोंगरातल्या एका वसतिशाळेचं छप्पर वादळात उडालं. मदतीला माणसं हवी होती. पगार नाही, दोन वेळचं जेवण मिळेल, एवढंच कळलं आणि दोघी निघाल्या. तीन आठवडे मी शाळेच्या आवारात उभी होते. नणंदेने भिंती रंगवल्या आणि छप्पर बसवणाऱ्यांची मापं चुकली की त्यांना फळ्याशी उभं केलं. भावजयीने उशांचे अभ्रे आणि पडदे शिवले. संध्याकाळी दोघी माझ्या बाकांवर आडव्या होऊन पाय दुखल्याच्या तक्रारी करायच्या. इतकं समाधान माझ्या पोटात बऱ्याच वर्षांनी नांदलं.

निघायच्या दिवशी शाळेच्या स्वयंपाकीणबाईंनी माझी टाकी झऱ्याच्या पाण्याने काठोकाठ भरली. शिवाय आत बटाट्यांची दोन पोती ठेवली. “अहो, एवढं कशाला?” असं दोघी म्हणाल्या, पण प्रेमाने दिलेलं नाही म्हणवेना. माझी कंबर तेव्हाच वाकली होती.

येताना आम्ही सोप्या रस्त्याने आलो होतो. परतताना डोंगर बघत जायचं ठरलं. चढ मी धापा टाकत चढले. माथ्यावर ऊन लख्ख होतं. खाली रस्ता दोरीसारखा वळत गेला होता. एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला नुसती हवा होती.

“आता दादाची युक्ती बघा,” असं म्हणून नणंदेने मला न्यूट्रलमध्ये टाकलं. “किती डिझेल वाचतं!”

मित्रांनो, गाडी गियरमध्ये असली की इंजिन चाकांना मागे धरून ठेवतं. न्यूट्रलमध्ये ते हात सोडून देतं आणि सगळा भार ब्रेकवर येतो. हे मला ठाऊक होतं, पण तोंड नव्हतं.

पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. टाकीतलं पाणी डुचमळून मला पुढे ढकलत होतं. पोती सरकून पुढच्या बाकावर आदळली. माझे ब्रेक आधी गरम झाले, मग भाजू लागले. खाली पाहायचं नाही असं ठरवूनही मला खालचं सगळं दिसत होतं.

“वहिनी, शेगडी बंद केलीत ना? काहीतरी जळतंय.”

“बंद आहे.” भावजय एकदम कानोसा घेऊ लागली. “वन्सं, ही गप्प का आहे?”

“कोण?”

“गाडी! ह्यांच्याबरोबर घाट उतरताना ही नुसती ओरडायची. आम्हाला एकमेकांचं बोलणं ऐकू यायचं नाही.”

“छे, दादा उताराला न्यूट्रलच करायचा. मी शेजारी बसून पाहिलंय.”

“गावातल्या पुलाच्या उतारावर, वन्सं! घाटात नाही. घाटात कधीच नाही!”

नणंदेने ब्रेक दाबला. तिचा पाय थेट फरशीला टेकला.

“लागत नाहीये,” ती म्हणाली. आवाज अगदी बारीक होता, वर्गात कधी निघाला नसेल असा. तिने गियर टाकायचा प्रयत्न केला. माझे दात करकरले आणि तो बसला नाही. पुढचं वळण धावत आमच्याकडे येत होतं.

“ते आधी इंजिनाचा आवाज वाढवायचे,” भावजय ओरडली. ती जन्मात स्टिअरिंगला बसली नव्हती, पण तिच्या कानांनी सगळं साठवलं होतं. “असं घूंऽऽऽ करायचे आणि मग टाकायचे!”

घूंऽऽऽ! तिसरा गियर बसला. पाठोपाठ दुसरा. मी किंचाळले, मित्रांनो. सगळे खिळे सुटतील अशी किंचाळले आणि वेग तुटला. तरी पुरेसा नाही. वळणावर कड्याला लागून रस्तेवाल्यांचा खडीचा ढीग होता.

“घुसवा!”

मी नाकाने खडीत शिरले आणि थांबले.

चाकांतून धूर येत होता. मग नणंद स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडू लागली. “मला वाटायचं, माझा दादा मला पाठ आहे.”

“तुम्हाला पुलावरचे माहीत होते,” भावजय तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, “आणि मला घाटातले.”

चाकं हाताला सोसवतील इतकी निवल्यावर ब्रेक पुन्हा थोडा लागू लागला आणि त्यांनी टाकीतलं पाणी सोडून भार हलका केला. उरलेला घाट आम्ही दुसऱ्या गियरमध्ये, गोगलगाईच्या चालीने उतरलो. पायथ्याच्या मेकॅनिकने ब्रेकचं तेल पाहिलं आणि विचारलं, “जुनं तेल तापून उकळलं. हे शेवटचं कधी बदललंत?” दोघींनी माना खाली घातल्या. मग दोन दिवस तो माझ्या चाकांपाशी बसून होता.

आता मी नीट आहे. तरी रस्ता खाली झुकला की अंगातला पत्रा शहारतो. मित्रांनो, आमची निगा राखा. आमचं तेल बघा, ब्रेक बघा, झेपेल तेवढंच आमच्यावर लादा. आम्ही करकरतो, ओरडतो, तेव्हा वैतागू नका. आणि नेहमी आवाज करणारं कोणी, मग ती गाडी असो की घरातलं माणूस, अचानक गप्प झालं, तर शांतता आहे म्हणून बरं वाटून घेऊ नका. थांबा आणि का ते विचारा. त्या दिवशी एकीने विचारलं, म्हणून मी आज बोलते आहे.