बावीस किलोमीटरची बाटली

ग्लेनिस मेंढ्या तोलायच्या पिंजऱ्यात शिरली आणि नेव्हिलनं सवयीनं मागचं दार लावून घेतलं.

"अरे, मी पळून नाही जाणार," ती गजांआडून म्हणाली.

"पळायलाच तर निघाली आहेस. नीट उभी राहा, काटा हलतोय."

तो वाकून काटा स्थिर व्हायची वाट पाहत राहिला. चाळीस वर्षं या पिंजऱ्यात बाजाराला जाणाऱ्या मेंढ्या तोलल्या होत्या, आणि या हिवाळ्यापासून बायको. मेंढ्यांच्या पाठीवर खुणा करायच्या निळ्या खडूनं त्यानं शेडच्या फळीवर आकडा लिहिला: साडेअठ्ठावन्न. सोमवार होता, आठ किलोमीटर हळू पळायचा. ती तासाभरानं परत आली तेव्हा काटा अठ्ठावन्नवर थांबला. अर्धा किलो घाम. नेव्हिलनं तोही आकडा लिहिला, दार उघडलं आणि कुंपणाच्या कामाला निघून गेला.

शहरातली मॅरेथॉन चार आठवड्यांवर आली होती. त्याआधीची शेवटची लांब धाव या रविवारी, बत्तीस किलोमीटरची. टेगन, त्यांची मुलगी, शहरात नर्स होती. तिच्याशी फोनवर तासभर भांडून ग्लेनिसनं एक अट कबूल केली होती. रविवारी परतल्यावर काटा निघतानापेक्षा केसभरही वर गेला, किंवा दीड किलोहून जास्त खाली आला, तर शर्यतीतून नाव काढून घ्यायचं. रडारड करायची नाही, आणि पुढच्या वर्षाचं नावही काढायचं नाही. एकसष्टाव्या वर्षी पुढच्या वर्षाचा भरवसा ग्लेनिसलाही नव्हता.

काटा वर जाईल अशी भीती कुणाला वाटेल? गेल्या वर्षापर्यंत त्यांनाही नव्हती वाटली. या कोरड्या मुलखात पोर चालायला लागलं की त्याच्या गळ्यात पाण्याची बाटली येते. दुकानात, चर्चमध्ये, गव्हाच्या कोठारापाशी, जो भेटेल तो निरोप घेताना म्हणतो, पाणी पीत राहा. गेल्या वर्षीच्या शर्यतीत नेव्हिल सात ठिकाणी बाटली घेऊन उभा होता. गाडी पळवत एका कोपऱ्यावरून दुसऱ्या कोपऱ्यावर जायचा, तिच्याबरोबर चार पावलं धावायचा आणि ओरडायचा, "पी, ग्लेन, पी! संपव सगळी!" ती सगळी संपवत राहिली. वाटेत मांडलेल्या टेबलांवरचीही संपवत राहिली. पस्तिसाव्या किलोमीटरला तिनं त्याला कुत्र्याच्या नावानं हाक मारली आणि ती रस्त्यावर कोसळली.

इस्पितळातल्या तरुण डॉक्टरीणबाईनं रिपोर्ट पाहून विचारलं होतं, "इतकं पाणी पाजलं कुणी हिला? रक्तातलं मीठ पार पातळ झालंय." नेव्हिल तेव्हा दाराशी उभा होता, हातात आठवी बाटली घेऊन. ग्लेनिस दोन दिवस शुद्धीवर नव्हती. त्या दोन दिवसांत त्यानं कानाला जो खडा लावला तो लावला. घरी आल्यापासून तो तिला साधा पाण्याचा पेलाही भरून देत नसे. जेवताना तांब्या टेबलावर असे, पण तो हात लावत नसे. ग्लेनिसला त्याचा राग येई आणि कीवही येई. बोलायला गेलं की तो कुत्र्याला घेऊन बाहेर जाई.

बुधवारी ती विजेच्या खांबांवर पळाली, म्हणजे एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत जीव तोडून आणि पुढच्या खांबापर्यंत हळू, असे सोळा खांब. शेवटच्या खांबाला ती पोट धरून वाकली आणि कॅनोलाच्या पिवळ्या शेताकडे पाहून एक सणसणीत शिवी हासडली. मग आणखी एक खांब पळाली.

गुरुवारी ती खारट बिस्किटं घ्यायला पॅट्सीच्या दुकानात गेली. पॅट्सी तिची शाळेतली मैत्रीण, गल्ल्यामागे बसून गावभर नजर ठेवणारी.

"सोळा खांब मोजले मी बुधवारी," पॅट्सी म्हणाली. "सतरावा कशाला गं?"

"हौस."

"नवरा येतोय का शर्यतीला, की त्याची हौस फिटली?"

"मेंढ्या कातरायला माणसं यायची आहेत म्हणतो."

"ऑक्टोबरात? तुमची कातरणी तर कधीच उरकली ना?" पॅट्सीनं चष्म्यावरून पाहिलं. मग बिस्किटांचा आणखी एक पुडा पिशवीत टाकला. ग्लेनिस दारापाशी पोचल्यावर मात्र पॅट्सीला राहवलं नाही. "पाणी पीत..." ती म्हणाली आणि तिनं जीभ चावली.

शनिवारी दुपारी ग्लेनिस एकटीच गाडी घेऊन बाटल्या पेरायला गेली. आठव्या किलोमीटरला जुन्या रेल्वे फलाटामागे, पंधराव्याला कोठाराच्या सावलीत, बाविसाव्याला सुकलेल्या तळ्याकाठच्या कुंपणाशी आणि सत्ताविसाव्याला दुधाच्या जुन्या कॅनच्या टपालपेटीत. प्रत्येक बाटलीत चिमूटभर मीठ. पूर्वी हे काम नेव्हिलचं होतं. निघताना त्यानं तिला गाडीची किल्ली दिली आणि म्हणाला, "उन्हात नको ठेवूस." पाण्याविषयीचं वर्षभरातलं त्याचं ते पहिलं वाक्य होतं.

रविवारी उजाडताना फळीवर आकडा पडला: साडेअठ्ठावन्न. नेव्हिल म्हणाला, तळ्याकडचं कुंपण बघून येतो, आणि तिच्याआधी पिकअप घेऊन निघून गेला.

पहिले आठ किलोमीटर मजेत गेले. फलाटामागची बाटली तिनं उचलली, दोन घोट घेतले, परत ठेवली. तहान लागली तर प्यायचं, नाही लागली तर नाही, हे वर्षभर घोकलं होतं. पण साठ वर्षं ज्या बाईनं तहानेआधीच पाणी प्यायलं, तिला तहान ओळखायला नव्यानं शिकावं लागलं होतं. कोठाराशी तिला खरोखर तहान होती. अर्धी बाटली प्यायली, एक बिस्किट चावलं. तोवर ऊन वर आलं आणि उत्तरेच्या वाळवंटाकडून गरम वारा सुटला.

बाविसाव्या किलोमीटरला कुंपणाशी पांढऱ्या काकाकुव्यांचा थवा गोंधळ घालत होता. ती जवळ जाताच ते उडाले. बाटलीचं झाकण त्यांनी कुरतडून टाकलं होतं, पोटाला भोकं पाडली होती. खालची माती नुसती ओली होती.

ग्लेनिसनं ती फाटकी बाटली हातात घेतली. रडायचं नाही असं ठरलं होतं, आणि आता अंगातलं पाणीही जपून वापरायला हवं होतं. पुढची बाटली पाच किलोमीटरवर होती. मागं वळावं तरी सात. "मेल्यांनो," ती काकाकुव्यांना म्हणाली आणि पुढं निघाली.

तेविसाव्याला ओठ चिकटायला लागले. चोविसाव्याला ती चार मिनिटं चालली, मग लाज वाटून पुन्हा धावली. पंचविसाव्याला तिनं स्वतःला विचारलं, मी कोण, नवऱ्याचं नाव काय, कुत्र्याचं काय. तिन्ही उत्तरं बरोबर आली. तशी ती जवळजवळ हसली आणि खांब मोजू लागली.

टपालपेटीपाशी पिकअप उभी होती. नेव्हिल गाडीला टेकून होता, पेटीतली बाटली त्यानं दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. ती समोर येऊन थांबली, हात पुढं केला. त्यानं बाटली दिली नाही.

"नेव्ह."

"बावीसची बाटली मी पाहिली," तो घाईनं म्हणाला. "सकाळीच. तुझ्या आधी जाऊन सगळ्या तपासत होतो. गाडीत वीस लिटरचा कॅन आहे, ग्लेन. दुसरी भरून ठेवायला काय लागतं? तिथं अर्धा तास उभा होतो. हातच पुढं होईना." त्यानं बाटली आणखी घट्ट धरली. "मग वाटलं, नाही ठेवली म्हणूनही पडशील. म्हणून इथं आलो."

ती धापा टाकत उभी होती. त्याला शिव्या घालाव्यात की जवळ घ्यावं, हे तिला कळेना. पाच किलोमीटर त्यानं तिला कोरडं पळवलं होतं. पण त्याच्या कपाळावरून तिच्याइतकाच घाम वाहत होता.

"तहान लागलीय का तुला?" त्यानं विचारलं.

गेल्या वर्षी सात कोपऱ्यांवर हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, आणि तिनंही स्वतःला विचारला नव्हता.

"हो," ती म्हणाली. "खूप लागलीय."

त्यानं झाकण काढून बाटली दिली. ती प्यायली, थांबली, पुन्हा प्यायली. अर्ध्याहून थोडी जास्त संपल्यावर तिला पुरेसं वाटलं. तिनं बाटली परत केली तेव्हा उरलेल्या पाण्याकडे त्यानं पाहिलं. तोंड उघडलं, मिटलं. झाकण लावलं.

शेवटचे पाच किलोमीटर ती एकटीच पळाली. पिकअप मागं आली नाही, बाजूच्या वाटेनं घरी गेली.

शेडमध्ये ती पिंजऱ्यात चढली. दोन्ही हातांनी तिनं गज धरले.

"गज सोड. नाहीतर चुकीचा आकडा येईल."

तिनं गज सोडले. काटा हलला, मागं गेला, पुढं आला. नेव्हिल गुडघ्यावर बसला आणि बराच वेळ उठला नाही. मग त्यानं खडूनं लिहिलं: साडेसत्तावन्न.

"एक किलो खाली," तो म्हणाला. "टेगनला फोन तू करतेस की मी?"

"मी."

तो खडूची भुकटी पँटला पुसत राहिला.

"शर्यतीला कुठं उभा राहू?"

"पस्तिसाव्याला."

त्यानं वर पाहिलं. "तिथंच?"

"तिथंच. बाटली घेऊन."

"आणि काय म्हणू?"

"आज विचारलंस तेच."

नेव्हिलनं मान हलवली. मग उठला, शेडबाहेर पडला आणि जाताना सवयीनं पिंजऱ्याचं दार लावून गेला. ग्लेनिस अजून आतच होती.