हात खंय?

मित्रांनो, मी एक जुनी विजेची करवत आहे. माझ्या पट्टीभोवती दातेरी साखळी फिरते आणि तिच्या वाटेत जे येईल ते कापले जाते. लाकूड कोणते आणि बोट कोणते, हे मला ओळखता येत नाही. म्हणून मला कोणी हातात घेतले की मी त्याच्याकडे संशयाने पाहते. याने चप्पल घातली आहे की बूट? लुंगीचा सोगा लोंबतो आहे का? वायर पाठीमागे घेतली आहे, की माझ्या तोंडापुढेच पसरली आहे? राग मानू नका. एवढ्या संशयी जिवाची गोष्ट तुम्ही ऐकाल की नाही, याचीही मला शंकाच आहे. तरी सांगून पाहते.

माझा जन्म परदेशातल्या कारखान्यात झाला. तिथले मला फारसे आठवत नाही. मुंबईत मी आले ती मढला, एका सिनेमाच्या कंपनीबरोबर. तिथल्या एका बंगल्याच्या आवारात जंगलाचा देखावा उभारायचा होता, त्यासाठी माझी खरेदी झाली होती. जंगल उभे राहिले, शूटिंग संपले, आणि मी मोडक्या खुर्च्यांबरोबर कोपऱ्यात पडले. तिथे सहदेव नावाचा तरुण सुतारांच्या हाताखाली काम करीत असे. त्याने मला स्वस्तात मागून घेतले आणि गोणपाटात गुंडाळून घाटकोपरच्या टेकडीवर, आपल्या बहिणीच्या घरी आणले.

बहिणीचे नाव वनमाला. तिचा नवरा सीताराम गिरणीत फिटर होता. गिरणी कामगारांचा संप लांबत गेला आणि गिरणीचे दार काही पुन्हा उघडले नाही. सोसायट्यांच्या आवारातल्या वाळलेल्या फांद्या, वादळात पडलेली झाडे कापून देण्याचे काम त्याला मिळू लागले होते. ते तो कुऱ्हाडीने करी.

"भावोजी, झकास मशीन आहे," सहदेव म्हणाला. "दिवसाचं काम चहाच्या आत."

सीतारामने मला उलटेसुलटे करून पाहिले. त्याचे हात जाणते होते. वनमाला मात्र दारातच उभी राहिली.

"आणि बटण चुकून दाबलां गेलां तर?" तिने विचारले.

"आक्का, तू पण ना. खटक्यावर खटका आहे. अंगठ्याने हा दाबला, तरच बोटाचा दाबला जातो. चुकून कसा दाबेल?"

"चुकून नाय, पण दुसऱ्यान दाबलो तर?"

तिच्या या बोलण्यामागे शेजारचा धोंडिराम होता. तो सीतारामच्याच गिरणीत होता. यंत्रात अडकलेले सूत काढायला त्याने हात घातला, आणि पलीकडच्या माणसाने यंत्र मोकळे आहे असे समजून चालू केले. धोंडिरामच्या उजव्या हाताला आता अंगठा आणि एक बोट उरले होते. तो डाव्या हाताने चहा पिई आणि कोणी विचारले की एवढेच म्हणे, "बटन मी न्हवतं दाबलं."

म्हणून वनमालाने घरात एक नियम घातला. सीताराम माझी साखळी ताणायला किंवा कानशीने दात घासायला बसला की माझा प्लग तिच्या हातात. भिंतीतून काढून बाजूला ठेवलेला चालणार नाही. हातातच पाहिजे. ती उंबऱ्यावर बसून एका हाताने तांदूळ निवडी आणि दुसऱ्या मुठीत प्लग धरून ठेवी. काम संपल्यावर मला चालवून पाहायचे असले तरी ती आधी आपल्या मालवणीत विचारी, "हात खंय?"

हात कुठे आहेत, हे सीतारामने दोन्ही वर करून दाखवल्याशिवाय प्लग भिंतीत जात नसे.

खरे सांगू? मला तेव्हा हा अपमान वाटे. मी काय चोर आहे? सीताराम माझी किती काळजी घेई. टाकीतले साखळीचे तेल पाहिल्याशिवाय तो मला उचलत नसे. साखळी लोंबली तर पट्टीवरून निसटते, फार ताणली तर तापते, म्हणून तो ती बोटाने हळूच उचलून पाही. फांदीला माझे नाक, म्हणजे पट्टीचे टोक, लागू देत नसे, कारण नाक टेकले की मी उसळून माणसाच्याच अंगावर येते. शिडीवर चढून मला त्याने कधी चालवले नाही आणि पावसाचा थेंब पडला की काम थांबवले. एवढे सगळे असताना हा प्लगचा पहारा कशाला?

पण पुढे माझे मत बदलू लागले, कारण सहदेव मला गुपचूप नेऊ लागला.

सीताराम गावी गेला, किंवा नुसता आजारी पडून झोपला, की मी गोणपाटातून मढला निघे. तिथे सेटवर प्लग बसत नसला तर सहदेव प्लग सोडवून वायरीची उघडी टोके भोकांत घालून आगकाडीने घट्ट करी. खिळे न काढलेली, रंगवलेली लाकडे मला कापायला लावी. एक दात तिथेच तुटला. चष्मा नाही, तेल नाही. "मीच आणली ना हिला," असे तो तिथल्या पोरांना सांगे. मला त्या हाताची भीती वाटू लागली. हात वाईट नव्हता, मित्रांनो. तो घाईत होता, आणि आपल्याला काही होणार नाही अशी त्याला खात्री होती.

एकदा वनमालाने माझी साखळी पुसली आणि फडके उजेडात धरले.

"अहो, ह्या काय? सोनेरी रंग?"

"कुठल्या तरी फाटकाचा असेल," सीताराम म्हणाला.

"तुम्ही झाडां कापतास. झाडाक सोनेरी रंग कोण देता?"

सहदेव जेवत होता. त्याने मान वर केली नाही. "आक्का, पोलिसात जा तू. चांगली नोकरी लागेल."

"आपल्याच भावावर संशय घेतेस?" सीतारामने तिला विचारले.

"माझो भाव आसा म्हणान तर घेतंय," ती म्हणाली. मला सगळे ठाऊक होते. मला वाचा असती तर मी सांगितले असते, असे मला वाटते. कदाचित नसतेही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी पुन्हा मढला होते. राजवाड्याचे जाडजूड लाकडी खांब कापायचे होते. खटके दाबून सहदेवाचे बोट दुखू लागले. त्याने सायकलच्या ट्यूबची पट्टी कापली आणि दोन्ही खटके दाबून माझ्या मुठीवर करकचून बांधली. आता मला सुरू व्हायला माणसाचे बोट लागत नव्हते. वीज आली की मी फिरणार. काम झाल्यावर त्याने प्लग ओढला, मला गोणपाटात कोंबले आणि घरी आणून ठेवले. पट्टी तशीच राहिली.

सकाळी पूजेला शेजारपाजारचे जमले, धोंडिरामही आला, आणि सीतारामने पाट मांडला. कुऱ्हाड, कोयता, कानशी, आणि मध्ये मी. मला गोणपाटातून सहदेवानेच काढले. तेव्हा कुठे सहदेवाला ती पट्टी दिसली. गाठ सुटेना, आणि सगळ्यांदेखत कापायची कशी? त्याने झेंडूचा मोठा हार घेतला आणि माझ्या मुठीवर नीट पसरून घातला. त्याच्या हौसेचे सर्वांना कौतुक वाटले. मला नाही वाटले. दसऱ्याला हत्यारांना विश्रांती असते. रात्री सोडू, असे त्याच्या मनात असावे.

हळदकुंकू झाले, नारळ फुटला. शेजारची मालन म्हणाली, "जरा चालू करून दावा की. नुसतीच ऐकतोय आम्ही."

"बरोबर," सीताराम म्हणाला. "गिरणीत पूजा झाली की मशीन एकदा फिरवायचं. अगो, प्लग घाल."

"राहू दे ना, भावोजी," सहदेव म्हणाला. "आज आराम देतात."

"एक फेरा रे."

एक वाक्य पुरले असते. ते सहदेवाच्या ओठांपर्यंत आले आणि परत गेले.

मी पाटावरून घसरत होते, म्हणून सीतारामने माझ्या साखळीवर तळवा टेकवून मला दाबून धरले. मूठ मोकळी होती. तिला कोणी हातही लावलेला नव्हता.

"घाल मगे."

वनमाला भिंतीपाशी प्लग घेऊन उभी होती. "हात खंय?"

सगळे हसले. "आज सणाच्या दिवशी तरी सोड त्यांना," मालन म्हणाली.

"अगो, बटण कोणी दाबलाहा? घाल."

"हात खंय?"

सीताराम वैतागला. मग हसला, आणि पोलिसांनी बंदूक रोखल्यासारखे दोन्ही हात डोक्यावर धरले.

तिने प्लग घातला.

मी स्वतःला थांबवू शकले नाही. हार एका क्षणात चिंध्या झाला. पाटावरचे कापड माझ्या दातांत गुंडाळले गेले, पाट चिरला, नारळाची वाटी भिंतीवर आपटली. जिथे तळवा टेकला होता, त्याच्या बरोबर खाली मी पाटात बोटभर खोल गेले होते. वनमालाने प्लग खेचला.

झेंडूच्या पाकळ्यांतून ट्यूबची काळी पट्टी दिसत होती. धोंडिराम वाकला आणि आपल्या उरलेल्या बोटाने त्याने ती दाखवली.

"बटन कोणीच न्हवतं दाबलं," तो म्हणाला.

सहदेव खाली बसला. "मी बांधलं. मढला. सोडायला विसरलो," तो म्हणाला. मग म्हणाला, "विसरलो नाही, आक्का. सकाळी पाहिलं होतं. सांगायची लाज वाटली."

वनमाला बराच वेळ सीतारामच्या हातांकडे पाहत राहिली. तिने भावाला मारले नाही, शिवीही दिली नाही. त्याच्यासमोर जाऊन तिने माझा प्लग त्याच्या मुठीत ठेवला.

"उद्यापासून ह्यो तू धरूचो."

"ह्याच्या हातात?" सीताराम म्हणाला.

"ह्याच्याच."

दुसऱ्या दिवशी सीताराम कानस घेऊन बसला आणि उंबऱ्यावर सहदेव बसला. त्याने प्लग इतका आवळून धरला होता की बोटे पांढरी पडली. दात घासून झाले. सहदेव भिंतीपाशी गेला आणि थांबला.

"भावोजी, हात खंय?"

सीतारामने हात वर केले. सहदेवाने पुन्हा विचारले. पुन्हा हात वर झाले. मग कुठे मी फिरले.

आता मी माळ्यावर पडून असते. माझ्या प्लगचे रबर धरून धरून गुळगुळीत झाले आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. मित्रांनो, माझी काळजी घ्या, तेल घाला, धार लावा. पण माझ्यावर विश्वास ठेवू नका. माझे खटके कधी बांधू नका, आणि चूक झालीच तर ती हाराखाली झाकू नका. माझ्यात वीज सोडण्याआधी हा प्रश्न विचारणारे कोणी जवळ असू द्या. त्याला हसू नका. आणि कोणीच नसेल, तर प्लग आपल्याच मुठीत धरून स्वतःला विचारा.

हात खंय?