तीन नंबरचं झाकण

चैतालीने तीन नंबरच्या कॉम्प्युटरमधली रॅमची पट्टी काढून पाच नंबरमध्ये बसवली, पाचची तीनमध्ये. दोन्हींवर शाळांचे निकाल लावायचा प्रोग्रॅम चालू केला आणि हाताची घडी घालून उभी राहिली.

पाच नंबर निमूट काम करत बसला. तीन नंबर अकराव्या मिनिटाला आडवा झाला. सकाळी तो गुणपत्रिका छापताना बंद पडला होता, काल नुसती नावं वाचताना. चूक प्रोग्रॅममध्ये असेल तर तो बहुधा त्याच पायरीवर ठेचकाळतो. हा वाटेल तिथे कोसळत होता, आणि तेही फक्त याच मशीनवर.

शिवाय प्रोग्रॅम आता तिचा होता. तिच्या हाताखालच्या धम्मदीपचा प्रोग्रॅमही असाच कोसळायचा, म्हणून तो काढून टाकून तिने पहिल्या ओळीपासून नव्याने लिहिला होता. ‘चूक कोडमध्येच, लिहिणारा निष्काळजी’ असा अहवाल डिसेंबरात तिनेच दिला होता. त्यावर धम्मदीपची नोकरी गेली, आणि तोच शेरा आडवा येऊन अजून त्याला कुठे काम मिळालं नव्हतं.

“पट्ट्या बदलल्या तरी तीनच पडतोय,” ती म्हणाली.

“वा! म्हणजे बगने तिथे बिऱ्हाडच थाटलंय,” कंपनीचे मालक हिंमतराव पेपरातून मान वर न काढता म्हणाले.

पट्ट्या धडधाकट, मग राहिली ती बसवायची खाच. तिने मोबाइलचा टॉर्च आत धरला. खाचेच्या तळाशी तांबडी पूड घट्ट बसली होती.

आता बोला! ती पूड तिने चटकन ओळखली. खंडेनवमीला धम्मदीप तीन नंबर उघडून साफ करत होता आणि ही पूजेचं तबक घेऊन आली.

“मॅडम, दोन मिनिटं थांबा, झाकण लावतो.”

“तुमच्यात पूजा नसते ना, म्हणून तुला निवांत सुचतंय,” असं म्हणून तिने चिमूटभर कुंकू उघड्या पेटीवरच वाहिलं होतं. सगळे हसले होते. तोही हसला होता, जरा उशिराने.

“काय निघालं?” हिंमतरावांनी विचारलं.

“कुंकू.”

“अहो, धूळ लिहा. गिऱ्हाइकाला काय सांगणार, देवाने बंद पाडला म्हणून?”

तिने अहवालात ‘धूळ’ लिहिलं. मग तिची कानशिलं तापली. इतकी लाज तिला आजवर कधी वाटली नव्हती. तिने तो शब्द खोडला आणि लिहिलं : ‘बिघाड कुंकवाने झाला. ते मी टाकलं, धम्मदीप थांबा म्हणत असताना. त्याच्या प्रोग्रॅममध्ये चूक नव्हती. डिसेंबरचा अहवाल मी मागे घेते.’ एक प्रत हिंमतरावांना धाडली, एक धम्मदीपला.

हिंमतरावांनी पेपर खाली ठेवला.

चहा येऊन गार झाला, तेव्हा मोबाइल वाजला. धम्मदीपची एकच ओळ होती.

‘झाकण लावलंत का?’

तिने मागे वळून पाहिलं. तीन नंबर उघडाच होता.